इंताग : तांब्याच्या डोंगरावरचे जंगल

अँडीज पर्वत ज्या घडामोडीतून उभा राहिला, त्याच घडामोडीतून त्याच्या पोटात तांबे साठले. पॅसिफिकच्या तळाचा नाझका भूपट्ट दक्षिण अमेरिकेच्या भूपट्टाखाली कोट्यवधी वर्षे सरकत राहिला. खोलवर शिलारस तयार झाला, तो वर चढला, आणि त्याच्यासोबत आलेल्या उष्ण द्रवांनी खडकाच्या बारीक भेगांत तांब्याची संयुगे मागे ठेवली. पर्वत उंचावला तसा त्याने समुद्राकडून येणारा वारा अडवला. बाष्पाने जड झालेली हवा उतार चढताना थंड होऊ लागली, ढग झाडांना टेकू लागले आणि त्या ओलाव्यावर घनदाट मेघवन वाढले. खालचे तांबे आणि वरचे जंगल ही एकाच पर्वताची देणगी आहे. तांबे काढायचे तर जंगल जाते. दक्षिण अमेरिकेतल्या एका लहानशा खोऱ्यातले शेतकरी १९९५ पासून या पेचाला तोंड देत आहेत, आणि त्यांच्या डोंगरावर आजवर खाण सुरू झालेली नाही.

हे खोरे म्हणजे इंताग. इक्वेडोरच्या वायव्येला, इम्बाबुरा प्रांतातल्या कोताकाची तालुक्यात, तोइसान डोंगररांगेच्या कुशीत ते वसले आहे. जगात जैवविविधतेचे हॉटस्पॉट म्हणून जे ३६ प्रदेश ओळखले जातात, त्यांत आपला सह्याद्री आहे. त्यांपैकी दोन, उष्णकटिबंधीय अँडीज आणि तुंबेस-चोको-माग्दालेना, इंतागमध्ये एकमेकांना भेटतात. पश्चिम इक्वेडोरमधले मूळ जंगल विसाव्या शतकात केळी, कोको, तेल-ताड आणि गुरांच्या कुरणांसाठी बहुतांश तुटले. जे उरले ते चढाच्या, चिखलाच्या, पोहोचायला अवघड अशा जागी. इंतागचे उतार त्यांतलेच.

मेघवनाचे पाणी

मेघवनात पाणी दोन वाटांनी येते. एक नेहमीचा पाऊस. दुसरी वाट धुक्याची. फांद्यांवरचे शेवाळ, ऑर्किड आणि अननसाच्या कुळातल्या वनस्पती वाहत्या ढगातले सूक्ष्म थेंब गोळा करतात, ते एकत्र होऊन खाली गळतात आणि जमिनीत मुरतात. त्यामुळे पाऊस नसलेल्या दिवसांतही ओढे वाहते राहतात. झाडे तुटली की ढग तसेच पुढे निघून जातात आणि हे पाणी जमिनीला मिळतच नाही. इंतागची शेती, पिण्याचे पाणी आणि नद्यांचे उगम या जंगलावर अवलंबून आहेत, ते या अर्थाने.

या ओलाव्यात जीवांची गर्दी आहे. तपकिरी डोक्याचे कोळीमाकड इथे आहे. ते जगातल्या अति-संकटग्रस्त माकडांपैकी एक. त्याची मादी साधारण तीन वर्षांतून एकदा एकाच पिल्लाला जन्म देते, म्हणून घटलेली संख्या भरून यायला फार काळ लागतो. ही माकडे फळे खातात आणि मोठ्या बिया दूरवर नेऊन टाकतात, तेव्हा माकड संपले की काही झाडांची पुढची पिढीही अडते. चष्मेवाले अस्वल आणि जॅग्वारही इथल्या डोंगरांत फिरतात. २०१५ मध्ये शास्त्रज्ञांनी इक्वेडोरच्या मेघवनांतून एका इवल्या बेडकाचे वर्णन प्रसिद्ध केले. ओल्या शेवाळावर त्याची त्वचा काटेरी दिसते आणि काही मिनिटांत ती गुळगुळीत होते. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत त्वचेचा पोत इतक्या झपाट्याने बदलणे विरळा. हा बेडूक ज्या मोजक्या ठिकाणी सापडला, त्यांत इंतागजवळचे लोस सेद्रोस हे राखीव वन आहे.

वाचला गेलेला अहवाल

१९९० च्या दशकात जपान सरकारच्या सहकार्याने इथे खनिजाचा शोध सुरू झाला आणि मित्सुबिशी समूहातली बिशीमेटल्स ही कंपनी हुनीन गावाजवळ छावणी टाकून नमुना खोदाई करू लागली. तांबे सापडले. १९९६ मध्ये जपानी तज्ज्ञांनी खाणीच्या पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास पूर्ण केला. त्यात स्पष्ट म्हटले होते की सुमारे १०० कुटुंबांना उठवावे लागेल, मोठ्या प्रमाणावर जंगलतोड होईल, त्यातून स्थानिक हवामान कोरडे पडेल, आणि शिसे, आर्सेनिक, क्रोमियम, कॅडमियम यांसारख्या धातूंनी नद्या दूषित होतील. शेजारच्या कोताकाची-कायापास या संरक्षित अभयारण्यालाही झळ पोहोचणार होती.

असे अहवाल बहुधा कार्यालयांच्या कपाटात राहतात. इंतागमध्ये तसे झाले नाही. जानेवारी १९९५ मध्ये स्थानिक रहिवाशांनी देकोइन नावाची संघटना उभी केली होती. इंतागमध्ये शेती करणारे कार्लोस सोरिया तिच्या संस्थापकांपैकी एक, आणि गावातले पाद्रीही सुरुवातीपासून सोबत होते. संघटनेने अहवालातले निष्कर्ष गावागावांत नेले. आपली घरे, आपले ओढे आणि आपला पाऊस यांचे काय होणार, हे लोकांना कंपनीच्या बाजूच्याच तज्ज्ञांकडून कळले.

लोकांनी सरकारकडे चर्चेची मागणी केली. प्रतिसाद मिळेना. मे १९९७ मध्ये गावकरी छावणीवर गेले. त्यांनी आतल्या सामानाची यादी केली, ते बाहेर काढून पालिकेच्या हवाली केले आणि मग रिकामी छावणी जाळली. कोणालाही इजा झाली नाही. काही जणांवर गुन्हे दाखल झाले. बिशीमेटल्स मात्र परतली नाही.

इंतागमधले बहुसंख्य लोक आदिवासी नाहीत. ते बाहेरून येऊन जंगल साफ करून वसलेले मेस्तिसो, म्हणजे मूलनिवासी आणि स्पॅनिश अशा मिश्र वंशाचे शेतकरी आहेत. काही गावे आफ्रिकी वंशाच्या लोकांची आहेत. कोताकाचीच्या वरच्या, थंड भागात मात्र किचवा या मूलनिवासी समाजाची वस्ती आहे, आणि लढ्याला राजकीय बळ तिथून मिळाले. १९९६ मध्ये आउकी तितुआन्या हे किचवा अर्थतज्ज्ञ कोताकाचीचे नगराध्यक्ष झाले. त्या पदावर मूलनिवासी माणूस प्रथमच बसत होता. त्यांनी तालुक्याचे नियोजन आणि खर्च वार्षिक जनसभेत लोकांसमोर मांडायला सुरुवात केली. सप्टेंबर २००० मध्ये पालिकेने ठराव करून कोताकाची हा ‘पर्यावरणीय तालुका’ असल्याचे जाहीर केले. ज्यांचे पूर्वज जंगल तोडत आले होते आणि ज्यांचे पूर्वज शतकानुशतके या डोंगरांना पूजत आले होते, ते दोघे आता एका बाजूला होते.

नुसते ‘नको’ पुरत नाही

खाण नको असे म्हणणाऱ्या गरीब गावाला लगेच विचारले जाते : मग खाणार काय? इंतागच्या लोकांनी हा प्रश्न टाळला नाही. १९९८ मध्ये कॉफी उत्पादकांची संघटना स्थापन झाली. झाडांच्या सावलीत, रसायनांशिवाय वाढवलेली कॉफी त्यांनी परदेशी पाठवली, आणि तिचे महत्त्वाचे ग्राहक जपानमध्ये मिळाले. घायपाताच्या जातीच्या वनस्पतीच्या धाग्यापासून बायकांचे गट पिशव्या आणि इतर वस्तू विणू लागले. हुनीनमध्ये गावाने सामायिक मालकीचे अतिथिगृह बांधले आणि गावातलेच तरुण पाहुण्यांना जंगल दाखवू लागले. देकोइनने देणग्या मिळवून अनेक गावांसाठी पाणलोटातल्या जमिनी विकत घेतल्या आणि त्यांची मालकी गावांकडे दिली. खोऱ्याने स्वतःचे वृत्तपत्रही काढले.

हा पैसा खाणीच्या आश्वासनांशी स्पर्धा करेल इतका मोठा नव्हता. कंपन्या रस्ता, दवाखाना, पगार यांची भाषा करत होत्या आणि काही कुटुंबांना ती पटलीही. गावे दुभंगली. एकाच घरातली माणसे दोन बाजूंना गेली, शेजाऱ्यांचे बोलणे बंद झाले. इंतागच्या लढ्याची सर्वांत जड किंमत हीच आहे, आणि ती अजून फिटलेली नाही. तरीही जंगल राखून जगता येते याचा जिवंत दाखला गावात होता, म्हणून विरोध टिकला.

दुसरी कंपनी, चर्चमधले पहारेकरी

२००२ मध्ये सरकारने हुनीनचे खाणपट्टे पुन्हा लिलावात काढले. पुढे ते कॅनडातल्या असेंडंट कॉपर या कंपनीकडे आले आणि २००५ मध्ये ती टोरंटोच्या शेअर बाजारात उतरली. डिसेंबर २००६ मध्ये तिच्या वतीने आलेले सशस्त्र पहारेकरी हुनीनच्या वाटेवर गावकऱ्यांना भिडले. गावकऱ्यांनी रस्त्यावर साखळी लावली होती. अश्रुधूर सोडला गेला, बंदुका झाडल्या गेल्या, आणि हे सगळे चित्रीत झाले. गावकरी हटले नाहीत. काही दिवसांनी त्यांनी ५० हून अधिक पहारेकऱ्यांना पकडून गावातल्या चर्चमध्ये ठेवले आणि अधिकारी येईपर्यंत सांभाळले. याच संघर्षावरचा ‘अंडर रिच अर्थ’ हा माहितीपट २००८ मध्ये आला.

एप्रिल २००८ मध्ये इक्वेडोरच्या घटना समितीने खाणविषयक आदेश काढून देशातले अनेक खाणपट्टे रद्द केले. हुनीनचे पट्टेही गेले. दरम्यान कंपनीने आपले नाव बदलून कॉपर मेसा केले. २०१० मध्ये टोरंटोच्या शेअर बाजारातून ती बाहेर गेली. इंतागच्या तीन रहिवाशांनी कॅनडात कंपनी आणि शेअर बाजार यांच्याविरुद्ध भरलेला दावा मात्र तिथल्या न्यायालयांनी फेटाळला. उलट २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने इक्वेडोर सरकारलाच कंपनीला सुमारे १ कोटी ९४ लाख डॉलर द्यायला सांगितले. हुनीनमधल्या हिंसेला कंपनीचे वर्तनही कारणीभूत असल्याने त्या पट्ट्यांच्या भरपाईत लवादाने ३० टक्के कपात केली, पण रक्कम इक्वेडोरच्या तिजोरीतूनच जाणार होती. ज्यांच्यावर बंदुका रोखल्या गेल्या त्यांना कुठल्याच न्यायपीठाकडून भरपाई मिळाली नाही. परकी गुंतवणूक आणि गावाचा हक्क यांना जगातले कायदे कसे वेगवेगळ्या मापाने मोजतात, हे इथे लख्ख दिसते.

निसर्गाचे हक्क

सप्टेंबर २००८ मध्ये इक्वेडोरच्या जनतेने सार्वमताने नवी राज्यघटना स्वीकारली. तिच्या ७१ व्या कलमाने निसर्गाला, म्हणजे पाचामामाला (धरतीमातेला), अस्तित्वाचा आणि आपली जीवनचक्रे चालू ठेवण्याचा हक्क दिला. घटनेत निसर्गाचे हक्क नोंदवणारा हा पहिला देश. यासाठी कोणीही व्यक्ती किंवा समूह न्यायालयात जाऊ शकतो, त्याचे वैयक्तिक नुकसान झालेले असण्याची गरज नाही. ७३ वे कलम सांगते की प्रजाती नष्ट होण्याची किंवा परिसंस्था उद्ध्वस्त होण्याची शक्यता असलेल्या कामांवर राज्याने आधीच निर्बंध घालावेत.

शब्द भव्य होते. ही घटना आणणाऱ्या सरकारला मात्र विकासासाठी खनिजांचा पैसाही हवा होता. आता हुनीनच्या तांब्यासाठी खुद्द इक्वेडोरची सरकारी कंपनी एनामी पुढे आली, आणि तिच्यासोबत चिलीची सरकारी कंपनी कोडेल्को, जगातल्या सर्वांत मोठ्या तांबे उत्पादकांपैकी एक. प्रकल्पाचे नाव युरिमाग्वा. परक्या कंपनीला अडवणे आणि स्वतःच्या सरकारला अडवणे यांत फार फरक असतो. एप्रिल २०१४ मध्ये हुनीनचे अध्यक्ष हावियेर रामीरेस यांना अटक झाली. ते दहा महिने तुरुंगात होते. मे महिन्यात शेकडो पोलिसांच्या बंदोबस्तात एनामीचे लोक खोऱ्यात शिरले. वर्षअखेरीस पर्यावरणीय परवाना मिळाला आणि जंगलात पुन्हा खोदाई सुरू झाली. इतक्या वर्षांचा विरोध या टप्प्यावर हरल्यासारखा दिसत होता.

बेडकांची साक्ष

२०१६ मध्ये हुनीनजवळच्या जंगलात संशोधकांना लांब नाकाचे चार हार्लेक्विन बेडूक दिसले. १९८९ नंतर ही जात कोणालाच दिसली नव्हती आणि ती नामशेष मानली जात होती. अमेरिका खंडातल्या हार्लेक्विन बेडकांच्या अनेक जाती कायट्रिड या त्वचेवरच्या बुरशीने संपवल्या. या बुरशीतून वाचलेली जिवंत वस्ती सापडणे म्हणजे संशोधनासाठी अमूल्य संधी, कारण तिच्यात प्रतिकारशक्ती असू शकते. २०१९ मध्ये नामशेष समजला गेलेला आणखी एक बेडूक याच परिसरात सापडला. त्याला ‘इंतागच्या प्रतिकाराचा बेडूक’ असे लोकनाम मिळाले.

हे बेडूक खाणपट्ट्याच्या आत होते आणि प्रकल्पाच्या पर्यावरणीय अहवालात त्यांची दखल नव्हती. रहिवाशांनी निसर्गाच्या हक्कांच्या आधारे दावा दाखल केला. खालच्या न्यायालयांत निकाल वरखाली झाले. अखेर २९ मार्च २०२३ रोजी इम्बाबुराच्या प्रांतिक न्यायालयाने निसर्गाचे हक्क आणि स्थानिकांचा सल्लामसलतीचा हक्क डावलला गेल्याचे मान्य करून युरिमाग्वाचा पर्यावरणीय परवाना रद्द केला.

याच तालुक्यात त्याआधी आणखी मोठा निकाल लागला होता. लोस सेद्रोस हे वन अमेरिकेतून १९८० च्या दशकात आलेल्या होसे डीकू यांनी आयुष्यभर जपले. तिथे तीनशेहून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत. २०१७ मध्ये सरकारने या वनाच्या जवळपास दोन तृतीयांश भागावर खाणपट्टे दिले. पुढच्याच वर्षी कोताकाची पालिका न्यायालयात गेली. घटना न्यायालयाने १० नोव्हेंबर २०२१ रोजी नऊपैकी सात न्यायाधीशांच्या मताने निकाल दिला. आगुस्तीन ग्रिहाल्वा यांनी लिहिलेल्या या निकालाने घटनेतले निसर्गाचे हक्क ही नुसती आकांक्षा नसून बंधनकारक कायदा असल्याचे ठरवले आणि लोस सेद्रोसमध्ये खाणकामाला मनाई केली. न्यायालयापुढचा पुरावा जीवशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे त्या वनात राहून जमवलेल्या नोंदींचा होता. डीकू यांचे २०२४ मध्ये निधन झाले, तेव्हा वन सुरक्षित होते.

कोफानांची गस्त

इक्वेडोरच्या दुसऱ्या टोकाला, अँडीजचे पूर्वउतार ॲमेझॉनच्या वर्षावनाला मिळतात तिथे, आग्वारिको नदीकाठी सिनांगोए नावाचे कोफान मूलनिवासींचे गाव आहे. २०१७ मध्ये त्यांनी स्वतःचे रक्षक दल उभारले. भाला हे पारंपरिक चिन्ह सोबत ठेवून हे लोक ड्रोन आणि कॅमेरा-सापळे वापरत जंगलात गस्त घालू लागले. २०१८ च्या सुरुवातीला त्यांना नदीकाठी सोन्यासाठी यंत्रे उतरलेली दिसली. चौकशी केली तेव्हा कळले की सरकारने त्यांना न विचारता परिसरातले २० खाणपट्टे देऊन टाकले होते आणि आणखी ३२ वाटेवर होते.

कोफानांनी छायाचित्रे, जागांचे अचूक निर्देशांक आणि तारखा यांसह पुरावा न्यायालयात ठेवला. ऑक्टोबर २०१८ मध्ये प्रांतिक न्यायालयाने ५२ पट्टे रद्दबातल ठरवले. २०२२ मध्ये घटना न्यायालयाने याच प्रकरणात मूलनिवासींच्या पूर्वसंमतीचा हक्क अधिक भक्कम केला. गस्तीत सामील झालेली पहिली स्त्री अलेक्सांद्रा नार्वाएस आणि तरुण नेते अलेक्स लुसितांते यांना त्या वर्षीचा गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. ऑगस्ट २०२३ मध्ये राजधानी क्वितोच्या मतदारांनी शहराच्या वायव्येकडील चोको आंदिनो जंगलात खाणकाम नको, असा कौल सुमारे ६८ टक्के मतांनी दिला. खेड्यांनी सुरू केलेली मागणी शहराने आपली मानली होती.

तांबे तर लागणारच

इथे एक प्रामाणिक आक्षेप उभा राहतो. वीजवाहक तारा, पवनचक्क्या, विजेवर चालणारी वाहने या साऱ्यांना तांबे लागते. कोळसा सोडायचा तर तांब्याची गरज वाढणार. मग प्रत्येक गावाने नकार दिला तर कसे?

उत्तर खनिजाच्या स्वरूपात शोधावे लागते. इंतागच्या खडकात तांब्याचे प्रमाण टक्क्याच्याही आत आहे. म्हणजे पोतेभर खडे निवडून चिमूटभर तांदूळ काढण्यासारखे हे काम. एक टन खडक फोडला तर दहा किलोहून कमी तांबे मिळते आणि बाकी सगळा चुरा कायमचा कुठेतरी साठवावा लागतो. या खडकातली गंधकाची संयुगे हवा आणि पाणी यांच्या संपर्कात आली की गंधकाम्ल तयार होते, ते जड धातू विरघळवते आणि खाण बंद झाल्यावरही ओढ्यांत उतरत राहते. ही साठवण अतिवृष्टीच्या, तीव्र उताराच्या आणि भूकंपप्रवण प्रदेशात करायची आहे, जिथे खाली नद्यांवर गावे जगतात. तांबे वितळवून पुन्हापुन्हा वापरता येते आणि त्याचा गुण उतरत नाही. जगात उत्खननाच्या इतरही जागा आहेत. तपकिरी डोक्याच्या कोळीमाकडाला मात्र दुसरीकडे फारशी जागा उरलेली नाही. हवामान वाचवण्यासाठी पाऊस बनवणारे जंगल फोडणे हा हिशेब जुळत नाही.

इंतागचा धोका संपलेला नाही. परवाना रद्द झाला तरी तांबे जागेवरच आहे, आणि त्याचा भाव चढला की नवा मागणीदार येईल. आसपासच्या डोंगरांवर इतर कंपन्यांचे पट्टे आहेत. २०२५ मध्ये इक्वेडोर सरकारने पर्यावरण मंत्रालय ऊर्जा व खाण मंत्रालयात विलीन केले, यावरून वाऱ्याची दिशा कळते. उत्तम घटना असलेल्या देशातही राखण सोडता येत नाही.

तरी या तीस वर्षांच्या घटना कोणत्या क्रमाने घडल्या, ते नीट पाहिले पाहिजे. १९९७ मध्ये गावकरी छावणीवर गेले तेव्हा त्यांच्या बाजूने कायदा नव्हता आणि तिथल्या बेडकांची बातमीही जगाला नव्हती. त्यांनी फक्त खाण पुढे ढकलली, मग पुन्हा ढकलली, तुरुंगात जाऊन पुन्हा ढकलली. या मिळवलेल्या अवधीत घटना लिहिली गेली, मुलांची नवी पिढी वाटाडे आणि अभ्यासक बनली, नामशेष मानलेले बेडूक सापडले, न्यायालयांना निवाड्यासाठी पुरावा मिळाला. १९९७ मध्येच खाण सुरू झाली असती, तर २००८ चे कलम, २०१६ चा बेडूक आणि २०२३ चा निकाल यांपैकी काहीही हुनीनच्या डोंगराच्या कामी आले नसते. म्हणून जगात जिथे जिथे एखादे गाव आज निव्वळ अडवून बसले आहे आणि त्याला निकाल लागताना दिसत नाही, तिथे त्या अडवण्याला अपयश म्हणू नये. कायदा आणि विज्ञान पोहोचेपर्यंत जंगल उभे ठेवणे हे काम दुसरे कोणी करू शकत नाही. ते तिथे राहणारी माणसेच करतात.